बाटलीच्या आधी आक्का आली

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. वस्तीवर कुणाच्या अंगात आलं की मी लांब उभा राहून बघायचो आणि "देवीला चहा तरी विचारा" म्हणून म्हाताऱ्यांच्या शिव्या खायचो. सगळी हयात कारखान्यात गेली. मशीन बंद पडलं की कारण शोधायचं, आणि कारण सापडतंच... एवढंच आम्ही शिकलो. या ग्रुपवरचे अनुभव नातसून मला वाचून दाखवते आणि अर्ध्याअधिकांना मी नाक मुरडतो. परवा ती म्हणाली, आजोबा, मग तुमचा तो आक्काचा लिहू का? म्हणून सांगतोय. मी बोलतो, ती टाइप करते. चुका निघाल्या तर तिच्या, खोटं वाटलं तर माझं.

पन्नासचं दशक सरत आलेलं. पिंपरीला औषधाचा कारखाना नवाच होता आणि मी तिथे स्टोअर्सला लागलो होतो. इंजेक्शनच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, भुसा घालायचा, खोकं ठोकायचं. पगार बरा, शिफ्ट ठरलेली, आणि गावाकडे रुबाब असा की जणू औषध मीच बनवतो.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हीच आई झाली. माझ्या शाळेच्या सदऱ्याला ती स्वतःच्या परकराचं ठिगळ लावायची, आणि मी कुरकुर केली की म्हणायची, मागच्या बाजूला आहे, तुला कुठं दिसतंय? तिला दिली होती चाकण–तळेगाव रस्त्याला, महाळुंग्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. आज तिथे कंटेनरच्या रांगा उभ्या असतात. तेव्हा गाडीवाट होती आणि दोन्ही अंगांना कांदा. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी होतं कोण? मी आणि माझा स्टोव्ह. म्हणून ते सासरीच झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत असा निरोप आला, आणि मी स्टोअर्समध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

पुढचा निरोप शुक्रवारी आला. चाकणचा एक कामगार गेटवर मला म्हणाला, "बहिणीला ताप हाय रं तुझ्या. उतरंना." सुट्टी टाकून निघालो.

आता डॉक्टरचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या सगळ्या पट्ट्यात आम्हाला एकच डॉक्टर. ते पुण्याहून एस.टी.ने चाकणला यायचे, बुधवारी आणि शनिवारी, बाजाराच्या दिवशी. पेठेत एक खोली होती. औषध पातळ असायचं आणि बाटली आपली आपण न्यायची. त्यामुळे नंबर माणसाचा नसायचा, बाटलीचा. उजाडायच्या आत येऊन ओट्यावर बाटली ठेवायची, तिच्यामागे पुढच्याने आपली ठेवायची. माणसं बाजारात जाऊन यायची, बाटल्या रांगेत उभ्या राहायच्या. कुणी कुणाच्या बाटलीला हात लावत नसे. या बाबतीत आमचे लोक देवळातल्यापेक्षा सोवळे. पण बाटल्या लागायच्या ओटाभर आणि डॉक्टरांची परतीची गाडी चारची. उरलेल्या बाटल्या पुढच्या वारी.

बुधवारी आक्काच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, अशीच बाटली लावली होती. नंबर यायच्या आधी गाडीची वेळ झाली. बाटली रिकामी परत आली.

मी पोचलो तेव्हा आक्का बाजेवर होती. खाली शेगडी, खोलीत ओव्याशेपाची धुरी, कानांना पांढरं धोतराचं फडकं बांधलेलं. अंगाला हात लावला तर भाजलं. तिने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मला हितनं ने."

मी तिच्या सासूला, मावशींना, सांगितलं, हिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेऊ. मावशी वाईट नव्हत्या हो. आजही मला त्यांच्याबद्दल वाकडं बोलवत नाही. त्या स्वतः रात्रंदिवस त्या खोलीत बसून होत्या. पण त्यांचं म्हणणं एकच... दूध उतरताना ताप येतोच, आणि बारावं झाल्याबिगर बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. त्यांची एक जाऊ अशीच वारं लागून गेली होती. मी संध्याकाळपर्यंत वाद घातला. मी पडलो पाहुणा, भाऊ असलो तरी सासरच्या घरात भावाचं चालतं किती? शेवटी मावशी म्हणाल्या,

"डाक्टरनं त्येच्या तोंडानं सांगू दे, मग न्हेऊ. तुझ्या सांगण्यानं न्हाई."

हे सगळं आक्का बाजेवरून ऐकत होती.

गंमत बघा... गंमत म्हणवत नाही खरं तर. डॉक्टरने बघितल्याशिवाय तो सांगणार नाही. त्याने सांगितल्याशिवाय ही उंबरा ओलांडणार नाही. आणि डॉक्टर तर वस्तीवर येणार नाही, कारण ओट्यावर बाटल्या. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माझी बहीण.

शनिवारी पहाटेच दाजी आणि मी निघालो. दाजींनी कांद्याची गाडी बाजाराकडे घेतली, मी एरंडेलाची हिरवी बाटली ओट्यावर नेऊन ठेवली. तरीही माझ्यापुढे बऱ्याच होत्या. मी मात्र बाजारात फिरकलो नाही, बाटलीशेजारीच बसून राहिलो. डॉक्टर गाडीतून उतरले, कंपाउंडरने माझ्यासमोर कुलूप काढलं, दोघं आत गेले. त्या खोलीला दार एकच, आणि त्या दाराशी मी.

नंबर आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. मी बाटली टेबलावर ठेवली आणि आक्काचं सांगायला तोंड उघडलं. डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एकदम चिडले.

"तू तिचा भाऊ का? अरे, इतक्या तापात तिला चालत पाठवलीत? माणसं आहात की कोण?"

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी माझ्यावर ढकलतायत. मी म्हटलं, माझी बहीण तर घरी बाजेवर आहे. ते म्हणाले, सकाळी पहिली तीच होती. मी बॅग उघडत होतो, मान वर केली तर बाकावर बसलेली. हिरवं लुगडं, कानाला पांढरं फडकं, धुरीचा वास. हनुवटीवर गोंदण. दोन्ही हात असे धरलेले, की पोर मांडीवर असावं. पण पोर नव्हतं. नाडी पाहिली, हात चटका बसावा इतका तापलेला. पोट दाबून पाहिलं तेव्हा कळवळली.

आक्काच्या हनुवटीवर गोंदण होतं.

डॉक्टर म्हणाले, "औषध मागितलंच नाही तिने. म्हणाली, माझा भाऊ हिरवी बाटली घेऊन यील, त्याला तुमच्या तोंडानं सांगा. मग ऐक. बाळंतज्वर आहे, औषधाच्या पाण्याने उतरायचा नाही. पुण्याला हलवा. आत्ता."

कंपाउंडर कोपऱ्यात औषध ढवळत होता, तो थांबला. म्हणाला, साहेब, सकाळपासून बाई एकच आली, ती खोकल्याची म्हातारी. डॉक्टरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मग मी नाडी कुणाची पाहिली?" एवढंच बोलले.

खरं सांगतो, तेव्हा मला भीतीबिती काही वाटली नाही. एकच डोक्यात... ही चालत आली कशी, आणि येऊ दिली कुणी. तसाच बाजारात पळालो. दाजींना सांगितलं. त्यांनी कांदा होता तसा एका पाहुण्याच्या हवाली केला. पुण्याला निघालेल्या एका लॉरीवाल्याच्या हातापाया पडलो, तो देवमाणूस वाट वाकडी करून वस्तीवर यायला तयार झाला.

घरात शिरलो तो मावशींवर ओरडतच. बाळंतिणीला एकटी सोडता आणि वर मला बारावं सांगता? मावशींनी पोरीला मांडीवर घेतलं. मग पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, उजाडल्यापासून मी हितनं उठले न्हाई, हिनं कूस सुदिक बदलली न्हाई. शेजारच्या दोघीजणी शेक द्यायला बसलेल्या, त्यांनीही तेच सांगितलं. मी आक्काचे तळपाय पाहिले. स्वच्छ होते. रात्री चोळलेलं तेलहळद तसंच होतं.

तिने डोळे उघडले. डॉक्टर भेटला का, असं तिने विचारलं नाही. म्हणाली,

"सांगितलं का त्येनं?"

मावशींनी ते ऐकलं. त्यापुढे त्या घरात बाराव्याचं नाव निघालं नाही. मावशींनीच गोधडी गुंडाळली, स्वतः बाजेचा एक खूर उचलला, आणि आक्का बाजेसकट लॉरीत चढली. पोरीला मावशींनी कुशीत घेतलं, दूध मागेल म्हणून त्याही आल्या. मोशी, भोसरी, खड्ड्याखड्ड्याने लॉरी चालली होती, आणि आक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती निजली होती. कितीतरी दिवसांनी बरं वाटत असल्यासारखी निजली होती. मला वाटलं, वाचलो आपण.

पुण्याच्या दवाखान्यात तिला लगेच घेतलं. नर्स इंजेक्शन भरत होती, ती बाटली मी ओळखली. तसल्या बाटल्या मी रोज भुशात घालत होतो. तिथल्या डॉक्टरीण बाईंना विचारलं, आता उतरेल ना ताप? त्या म्हणाल्या, "बुधवारी आणली असती तर मी हो म्हटलं असतं."

सोमवारी दुपारी आक्का गेली. पोर तिच्या शेजारी होती.

मी ढसाढसा रडलो. आई गेली तेव्हा रडायचं वय नव्हतं, तेही तेव्हाच रडून घेतलं.

आक्काचे दिवस झाल्यावर मी चाकणला गेलो, बाटली न घेता. ओट्यावर सगळ्यांच्या मागे बसलो. डॉक्टरांनी मला ओळखलं, विचारलं, कशी आहे? मी सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सारखा करत राहिले. मग मी विचारलं, डॉक्टर, ती खरंच आली होती का? ते म्हणाले, मी या हातांनी तिचं पोट तपासलंय. दुसरी कुणी असेल असंही मनाला सांगून पाहिलं. पण मग तुझी हिरवी बाटली तिला कशी माहीत?

मी उठलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, एक त्या दिवशी सांगायचं राहिलं. मी तिला म्हटलं होतं, तू आता इथून हलू नकोस, बाकावर पडून राहा, तुझी माणसं आली की इथूनच गाडीत घालतो. तर ती उठलीच.

"म्हणाली, थांबून कसं चालंल, पोर उठायची येळ झाली."

त्यानंतर ते डॉक्टर चाकणला होते तोवर एक करायचे. गाडीतून उतरले की खोलीत न जाता आधी ओट्यावर उभे राहून विचारायचे, कुणाच्या घरी बाळंतीण आजारी आहे का? असली तर तिची बाटली पुढे. लोकांनीही कधी तक्रार केली नाही.

याला खूप वर्षं झाली. शिकलेल्या लोकांनी मला नाना तऱ्हा समजावल्या. डॉक्टर दमलेले असतील, दुसरीच बाई असेल, तापात माणूस काहीही बोलतं. प्रत्येकाचं थोडं थोडं पटतं आणि सगळ्याचं मिळून काही पटत नाही. दार एक, दाराशी मी, आणि ती माझ्यासमोरून आत गेली नाही. कारण शोधून सापडलं नाही असं माझ्या आयुष्यात एवढंच.

भाचीला मावशींनी वाढवलं, त्या थकल्यावर मी. चांगली आहे, नातवंडांत रमलीय. शाळेचं तेवढं राहून गेलं, तिला वाचता येत नाही, म्हणून इथे एवढं मोकळं लिहवतोय. ही गोष्ट ती मला दरवर्षी सांगायला लावते. मी सगळी सांगतो. दार, बाक, गोंदण, हिरवी बाटली, मावशींनी उचललेली बाज. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मात्र मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

यंदाही ती आली होती. ऐकून झालं, डोळे पुसले, आणि म्हणाली, "मामा, एवढी डाक्टरपातूर पोचली व्हती, मग तिथंच का न्हाई थांबली? म्हागारी कशापायी आली?"

मी म्हटलं, "कुणास ठाऊक, बाई."