दम लागेल!

शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा आखल्या होत्या. स्पीकर 'टुंग' म्हणायच्या आत या रेघेवरून त्या रेघेवर पोचायचं, आणि तो टुंग हळूहळू घाईला येत जातो. वाढत्या मुलांचा दम असा मोजतात म्हणे. वर्षभरात चार बोटं उंच झालेली माझी नात रेवा पळत होती आणि कुंपणाशी मी श्वास रोखून उभी होते. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या लेकीनं, मलाच पुढे केलं होतं. "तू जा गं आई, मला नाही बघवत."

बघवणार कसं? लहानपणी ती जरा धावली की मी, त्या काळची अतिशहाणी बाई, तिच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजायचे. किती ठोके बरे आणि किती वाईट, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! "बस खाली, दम लागेल!" असा दम देऊन देऊन मी पोरीचं धावणंच बंद केलं.

रेवा लालबुंद झाली. तीच जुनी हाक माझ्या गळ्यापर्यंत आली. तेवढ्यात ती रेघेवर पोचायच्या आधीच टुंग वाजला. धापा टाकत ती माझ्याकडे आली.

"आजी, मला दम लागला हे आईला सांगू नकोस हं."

"सांगणार."

"आजी!"

"थांब गं. आधी तो ओसरू दे. तेही सांगायचंय."

आम्ही दोघी कुंपणाला टेकून उभ्या राहिलो. हळूहळू तो ओसरला. लेकीच्या वेळी एवढं थांबून मी कधी पाहिलंच नव्हतं.