नदीतल्या डोंग्याला समुद्राचे स्पीकर

एसटीच्या ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पाटी असते: वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. त्या पाटीखाली बसून मी सगळी नोकरी काढली. गडचिरोलीहून धानोरा, धानोऱ्याहून परत, मध्येच कधी राजुऱ्याची फेरी. पाठीमागे माणसं खिडकीसाठी भांडायची, सोयरिकीची बोलणी चालायची, कोणाच्या तरी पिशवीतली कोंबडी ओरडायची, आणि मी समोरच्या डांबराकडे बघत बसलेला. त्या कलकलाटाचा मला भारी वैताग होता. रिटायर झालो की नदीकाठी जाऊन गुमान बसणार, असं मी बायकोला सारखं ऐकवायचो. ती म्हणायची, "तुमच्याच्यानं नाई होत ते. भिंतीसंग बोलत बसान." ते पाहायला ती राहिली नाही. माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या उन्हाळ्यात ती गेली, आणि नदीकाठी गुमान बसायला मी एकटाच आलो.

आमचं गाव वैनगंगेच्या चंद्रपूरकडच्या काठावर. पलीकडचा काठ गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे नाव लाकडाची असो की फायबरची, तिला इंजिन असो की वल्हं, तिला म्हणायचं डोंगाच. वडील डोंगा चालवायचे, मग थोरला भाऊ चालवायचा. भावाच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तो मुलाकडे नागपूरला निघाला, तेव्हा त्याने मला इंजिनाची दोरी कशी ओढायची ते दाखवलं आणि म्हणाला, "तुले स्टेअरिंगची सवय हाये. याले फक्त ब्रेक नाई." एवढंच माझं ट्रेनिंग.

या धंद्यात टाइमटेबल नसतं. डोंगा आमच्या काठाला करंजीच्या झाडाखाली बांधलेला असतो, वर ताडपत्रीचं छत. पलीकडे उतारू आला की काठावर उभा राहतो, दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि ओरडतो, "डोंगाऽऽ!" नावाड्याने इकडून "आलो होऽऽ" म्हणायचं आणि निघायचं. पात्र रुंद, मध्ये रेतीचा पट्टा, त्यावर गवत माजलेलं, त्यामुळे माणूस धड दिसत नाही. हाक मात्र पाण्यावरून सरळ येते. फक्त डोंग्यात वरात असली की कोणी हाक मारत नाही. लग्नवाल्यांनी डोंगा दिवसभरासाठी ठरवलेला असतो, आत गाणी आणि हसणं-खिदळणं चाललेलं असतं. अशा वेळी मध्येच हाक मारणं म्हणजे दुसऱ्याच्या पंगतीत आपलं पान मांडणं. आवाज कानावर पडला की माणसं वाटेतूनच मागे फिरतात. हे मी लहानपणापासून बघत आलो.

मी डोंगा हातात घेतला आणि त्याच वर्षी वरच्या अंगाला पूल झाला. चांगलं झालं, यात वाद नाही. पुरात बाळंतीण अडकून पडत नाही आता. पण पुलाने माझी माणसं नेली. तरणीताठी मंडळी मोटारसायकलवर गेली, बाकीचे जीपमध्ये. मला उरले पलीकडच्या गावातले थोडेसे म्हातारे, ज्यांना जीप पकडायला मुख्य रस्त्यापर्यंत चालणं जिवावर येतं. त्यातली पक्की म्हणजे एक म्हातारी बाई. दर बुधवारी आमच्या बाजूच्या बाजाराला यायची. टोपलीत कधी आवळे, कधी चारोळी, कधी मोह. डोंग्यात पाय ठेवला की ती बोलायला लागे, ती थेट काठ लागेपर्यंत. सुनेने भाजीत मीठ कसं घातलं, अस्वलाने कोणाच्या मोहाखाली कसा धिंगाणा घातला, मी दाढी का केली नाही. मी हो-नाही करायचो. बुधवारची मी मंगळवारपासून वाट बघायचो हे तिला कधी सांगितलं नाही. ड्रायव्हरला सवय नसते हो बोलायची.

बाकीचे दिवस लांबच लांब. सकाळी डोंग्यातलं पाणी उपसायचं, इंजिन पुसायचं, आणि मग बसायचं. किती बसणार? घरी बसलं तर बायकोची खुंटीवरची पिशवी दिसायची, म्हणून काठावर बसायचो. काठावर बगळे. मोबाइलवर गाणी लावली तर वाऱ्याने अर्धी खाल्लीच म्हणून समजा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी डोंग्याला स्पीकर लावायचं मनात घेतलं. खरं सांगायचं तर मला गाणी नको होती. मला पाठीमागे कोणीतरी हवं होतं.

गडचिरोलीत एक गाड्यांचं डेकोरेशन करणारा दुकानदार माझ्या ओळखीचा. नोकरीत असताना त्याच्याकडे चहा प्यायचो. त्याला म्हटलं, डोंग्याला टेप बसवायचा आहे. तो आधी हसला, मग कामाला लागला. गाडीचा सेट, दोन स्पीकर, एक बारा व्होल्टची बॅटरी, घरी नेऊन चार्ज करायची. त्याच वेळी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती तिथे नोकरी करते. काय घेतोय ते सांगून मी फोन स्पीकरवर टाकला, ही माझी चूक.

"बाबा, गाडीचा नका घेऊ. बोटीसाठी मरीन म्हणून वेगळा मिळते. त्याचा पडदा प्लास्टिकचा असते, पाण्यानं फुगत नाई. स्क्रू गंजत नाई. आतली सर्किटं पन कोटिंग केलेली असते."

दुकानदार फोनकडे वाकून म्हणाला, "ताई, ते समुद्रासाठी असते. खाऱ्या पाण्यासाठी. इथी कुठी हाये समुद्र? वैनगंगेत मीठ टाकून राह्यले काय कोनी?"

"पानी ते पानी, दादा. धुकं पडते, पाऊस येते."

"पाऊस त गाडीवर बी पडते!"

"पन गाडी चारी बाजूनं बंद असते नं!"

मुलगी पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकते आहे, असं मला वाटलं. आणि खरं सांगू, दोघं माझ्यासाठी भांडत होते ते मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांत माझ्यावरून कोणी भांडलं नव्हतं. मी मुद्दाम थोडा वेळ काहीच ठरवलं नाही. शेवटी गाडीचा घेतला, कारण तो समोर होता.

दुकानदाराने एक गोष्ट मात्र खरी सांगितली. गाडीचे स्पीकर काचा लावलेल्या डब्यासाठी बनवलेले असतात. उघड्यावर आवाज उडून जातो. तसंच झालं. छताखाली बसलं तर ऐकू यायचं, दहा पावलं दूर गेलं की कुजबूज. मला तेवढं पुरत होतं. पेनड्राइव्हवर मी झाडीपट्टीच्या नाटकांची रेकॉर्डिंग भरून घेतली होती. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी नाटकं होतात, अख्खी रात्र, शेतात मांडव घालून. कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करतं, ते फिरत राहतं. त्यात नटांपेक्षा पब्लिकच जास्त ऐकू येते. शिट्ट्या, टाळ्या, बायकांचं खिदळणं, मागून कोणाचा तरी खोकला. विनोदी प्रवेशाला अख्खं गाव एकदम हसतं. मी डोळे मिटून स्टेअरिंग धरल्यासारखा बसायचो. गाडी भरून गेलेली असायची.

म्हातारी बाई पहिल्यांदा बसली तेव्हा तिने स्पीकरला कान लावला आणि म्हणाली, "आवाज बसला याचा. काढा पाजा याले." मग ती तिचं बोलायला लागली आणि मी तो बंद केला. दोघांचं एकदम ऐकणं जमत नव्हतं.

पावसाळ्यात मुलीचं म्हणणं खरं झालं. धुकं, तुषार, ताडपत्रीतून गळणारं पाणी. स्पीकरचा कागदी पडदा पापडासारखा फुगला, वायरींची टोकं हिरवी पडली, स्क्रू गंजून चिकटले. नाटकातल्या राजाचं भाषण सर्दी झाल्यासारखं येऊ लागलं आणि एक दिवस येईनासंच झालं. मुलीला सांगितलं तर ती "मी म्हटलं होतं" म्हणाली नाही. हे तिने आईकडून घेतलं नाही, आई म्हणाली असती. तिने गुपचूप मरीनचे दोन स्पीकर आणि सेट मागवून पाठवला. पांढरेशुभ्र, जाळीला रबराची किनार, बोट लावलं तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे गुळगुळीत. दुकानदार बसवायला स्वतः आला. समुद्राचं सामान वैनगंगेत बसवताना तो नमला नाही. म्हणाला, "मासे बी आता गानं शिकतीन, भाऊ."

आवाज सुरू केला आणि करंजीवरचे बगळे उडाले. हे स्पीकर उघड्यावरच वाजण्यासाठी बनवलेले. इंजिनाच्या, वाऱ्याच्या वर ऐकू यावेत म्हणून. नाटकातला एकेक शब्द मोकळा, हसू तर अंगावर येणारं. कुठल्या कोपऱ्यातली बाई हसते आहे तेही कळावं. दिवाळी झाली होती, हवा कोरडी होती. मी सकाळपासून नाटक लावून बसायचो, बाजाराच्या दिवशीसुद्धा. मुलीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, गर्दीच हाये की तुमच्याकडे!" मी खूश.

आणि त्याच हिवाळ्यात हाका आटल्या. आधी आठवड्याला पाच-सहा यायच्या, मग दोन, मग एकही नाही. बुधवार गेला, म्हातारी बाई आली नाही. म्हटलं आजारी असेल. दुसरा बुधवार गेला. शेवटी पुलाने तिलाही नेलं असं मी धरून चाललो. पुलाला शिव्या दिल्या, जीपवाल्यांना दिल्या, आणि आवाज आणखी थोडा वाढवला. एवढी माणसं हसत होती दिवसभर, आणि माझ्याशी एकाने बोलू नये.

मग एका बुधवारी मीच बाजारात गेलो, कांदे आणायला. बघतो तर म्हातारी बाई टोपली घेऊन बसलेली. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"काऊन जी बाई," मी म्हटलं, "डोंग्याचा रस्ता भुलल्या काय?"

"मी कायले भुलू? तुमीच मोठे झाले." ती तणतणली. "रोज वराती नेऊन राह्यले. एवढे लोक हासते, गाने वाजते, शिट्ट्या मारते. म्हटलं बुकिंग हाये भाऊले, कायले हाक माराची गरिबानं? पांदणीतूनच वापस जातो आमी. तो म्हातारा सोनार बी वापस गेला, त्याची बहीन बी. रस्त्यापावतर चालून चालून माह्ये पाय सुजले."

मी कांद्यांची पिशवी घेऊन तिथेच खाली बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जुना स्पीकर घोगरा होता, त्याचं हसू काठ ओलांडत नव्हतं, म्हणून माणसं हाका मारत होती. चांगला आणला आणि तो थेट पलीकडच्या पांदणीत, काठाकडे येणाऱ्या वाटेवर, पोचला. मी एकटा बसलो आहे हे सोडून बाकी सगळं त्यांना ऐकू गेलं.

"कोनी नसते डोंग्यात," मी म्हटलं. "एकटाच असतो मी. नाटक लावतो."

मग टोपलीतले दोन आवळे काढून तिने माझ्या पिशवीत टाकले. "रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"बंद ठेवजा मंग," ती म्हणाली. "बुधवारी पाह्यतो." बाकीचे येतील असं नाही, हेही तिने सांगितलं. त्यांना जीपची सवय झाली होती.

पुढच्या बुधवारी मी सेटचा फ्यूजच काढून खिशात ठेवला, हात शिवशिवायला नको. डोंग्यात बसलो. इतकी शांतता की ताडपत्रीवर पान पडलेलं कळावं. पाणी डोंग्याच्या बुडाला चुळूक चुळूक करत होतं. आता येईल म्हणता म्हणता ऊन डोक्याजवळ आलं. नाही येत, असं मनाशी म्हटलं आणि डबा उघडणार, तेवढ्यात पलीकडून आली.

"डोंगाऽऽ!"

बारीक, फाटका आवाज. "आलो होऽऽ" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोरीला हात लावला नाही. एवढ्या महिन्यांनी कोणीतरी मला हाक मारत होतं, ओ दिली की ती हाक थांबणार, म्हणून एवढ्यात उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं.

"डोंगाऽऽ! ओ डोंगेवालेऽऽ!"

ती पुन्हा ओरडली, मग जरा दम घेऊन पुन्हा, आता चिडून. मी डोळे पुसले, मग इंजिन सुरू केलं.

काठ लागला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "कानात बोळे कोंबले काय जी? घसा फाटला माह्या!"

"ऐकून राह्यलो होतो," मी म्हटलं.

"मंग ओ द्याले काय झालं?"

मी तिची टोपली उचलून आत ठेवली. तिने डोंग्यात पाय ठेवला, जागा धरली, आणि माझ्या दाढीपासून सुरुवात केली.