खुडलेला कोंब

वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात हमाल होते. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना गोणी उतरवताना त्यांचा खांदा निखळला. पहिल्यासारखं ओझं पेलवेना, म्हणून आईही तिथेच कांदे निवडायला जाऊ लागली. दोघं पहाटे निघत. माझं कॉलेज सकाळचं, नेरूळला. मागे उरायची पाच वर्षांची धाकटी बहीण.

"तिला साताऱ्याकडं गावाला धाडू, चुलत्याकडं," वडील म्हणाले. "एकटी कशी ऱ्हाईल? दाराम्होरं ट्रकच ट्रक."

"राहील. दिवाळीपर्यंत बघा तरी," मी म्हणाले.

"बरं. पन एकदा जरी रस्त्यावर दिसली, तर यष्टीत बसवनार."

तिला चार तास खोलीत बसवून ठेवायचं कसं? मला जे येत होतं तेच मी केलं. रोज एक प्रयोग मांडून जायचे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने चित्रं काढायची. रेघा लाल उमटत. आई हसली. "हळदीला चुना लावला की कुकू हुतं, ते आमाला बी ठावं हाय. त्याला कॉलेज कशाला लागतंय?"

सगळ्यात चालला तो कांदा. पेल्याच्या तोंडावर ठेवलेला, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. खाली मुळं सुटली, वर कोंब आला. धाकटी रोज कोंबाएवढा दोरा तोडायची आणि भाताच्या शिताने भिंतीला चिकटवायची. दुपारी मी आले की आधी दोरा दाखवायची, मग जेवायची. तीन आठवडे तिने उंबरा ओलांडला नाही.

बाजारात कोंब आलेल्या कांद्याला गिऱ्हाईक नसतं. दिसला की तिथल्या माणसाचा हात आपसूक तो खुडतो. एका पहाटे चहा पिता पिता वडिलांनी आमचा कोंब खुडला आणि कामावर गेले. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. घाईत मीही पाहिलं नाही.

दुपारी आले तर दार सताड उघडं.

मी बाजाराकडे धावले. ती गोण्यांच्या थप्पीवर बसली होती. वडिलांच्या जोडीदार हमालाने तिला मागे येणाऱ्या ट्रकपुढून ओढून काढलं होतं. फ्रॉकच्या ओच्यात एक कोंबाचा कांदा.

"ताई, मी नाय मोडला. उठले तर मोडलेलाच होता. तू रागावशील म्हणून दुसरा आणायला आले. बघ ना, तेवढाच हाय का?"

वडील जवळच उभे होते. त्यांनी कांद्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. "मीच खुडला आसंल," ते हळू म्हणाले. मग म्हणाले, "पन आता न्हाई जमायचं. आज वाचली."

घरी आल्यावर आई माझ्याकडे बघत राहिली. 'मी कॉलेज सोडते' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर धाकटी राहिली असती. मी खाली मान घालून ताट घासत बसले.

दिवाळीआधीच ती गेली. एसटीच्या खिडकीतून विचारत होती, "गावाला कांदं असत्यात ना?"

गावात शाळा सातवीपर्यंत होती. ती सातवीपर्यंत शिकली. पुढे चुलत्याच्या शेतात राबली, तिकडेच तिचं लग्न झालं. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मी बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.