इंजिनावरचा हात

माझं अक्षर चांगलं नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला शाळेतही बसला नव्हता. चौथी झाली आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते सहीपुरतं. तेव्हा चुका होतील त्या माफ कराव्यात, असं लिहायला हवं. पण हे मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून माफी कुणाची मागते आहे ते मलाच नीट सांगता येत नाही. बोलताना मी मालवणी बोलते. लिहायला बसलं की शाळेच्या पुस्तकातली भाषा येते, ती तशीच येऊ देते.

आमचं घर देवबागला, खाडीच्या बाजूला. माझे यजमान कळायला लागल्यापासून जाळ्यावर गेलेले. आमच्याकडे पुरुष मासे आणतात आणि बायका विकतात. विकायला तोंड लागतं, ते मला नाही. लग्न झाल्यावर नणंदेने मला मालवणच्या बाजारात आपल्या शेजारी बसवलं होतं. एका बाईने भाव विचारला, मी सांगितला. तिने निम्म्याने मागितलं, मी देऊन टाकलं. मागची बाई ते बघत होती, तिने त्याहून कमी सांगितलं, तिलाही दिलं. नणंदेने माझ्या हातातली कोयती काढून घेतली आणि म्हणाली, "तू घराक जा गो. तू बसलंस तर अख्ख्या मालवणाक फुकट जेवण पडतला." तेव्हापासून आमचे मासे तीच विकते.

नणंद यजमानांपेक्षा मोठी. नवरा लवकर गेला, एक मुलगी आहे. सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या तिच्याकडे होत्या. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आमच्या होडीचं जुनं इंजिन कायमचं बसलं. दुरुस्त करणाऱ्याने बघूनच मान हलवली. नणंदेने कुणाला न विचारता पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या आणि पैसे आणून यजमानांपुढे ठेवले. मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आवशीच्यो पाटल्यो आसत. चेडवाच्या हातात घालूक व्हयेत. वैशाखाच्या आधी दी म्हणजे झाला." यजमानांनी हो म्हटलं. नवीन इंजिन आलं. ते त्या इंजिनाला कुणाला हात लावू देत नसत. रात्री गोणपाटात गुंडाळून पडवीत आणून ठेवत.

मग थंडीत एका पहाटे मोठा ट्रॉलर आमच्या जाळ्यावरून गेला. जाळ्याचा थोडा भाग आणि त्याला तरंगत ठेवणारे दोन बोये एवढंच परत मिळालं. नवं जाळं घ्यायला पैसे नव्हते. खलाशाला द्यायलाही नव्हते, तो दुसऱ्या होडीवर गेला. आमच्याकडे होडी राहिली आणि नवीन इंजिन. नणंद येऊन गेली तर त्याबद्दल काही बोलत नसे. बाजारातलं बोलायची, मुलीच्या साड्यांचं बोलायची. ती बोलत नसे म्हणून यजमान तिच्यासमोर बसत नसत.

शेजाऱ्यांच्या घरात पर्यटक राहतात. त्यांच्यातला एकजण आमची होडी भाड्याने घेऊन खाडीच्या तोंडाशी गेला. त्याच्याकडे रीळ लावलेली काठी होती आणि दोरीच्या टोकाला गरी, म्हणजे गळ, लावलेला प्लास्टिकचा चंदेरी मासा. होडी हळू चालवायची आणि तो मासा मागे सोडून ओढत न्यायचा. यजमानांना हसू आलं होतं. संगमापाशी त्याने रावस काढला, तोही चांगला दांडगा. जाताना तो यजमानांना नकली मासा देऊन गेला. ते संध्याकाळभर त्याच्याकडे बघत बसले. पुढच्या बाजूला त्याला जिभेसारखी पट्टी होती, त्यामुळे पाण्यात तो खाली जाऊन वळवळतो, हे त्यांनी मला बादलीत ओढून दाखवलं.

रात्री जेवून हात धुताना म्हणाले, "फाल्या डबो दोघांचो भर."

उद्या दुसरं कोण येणार आहे, असं मी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मला कळलं.

आमच्याकडे बाई कालवं काढायला खाडीत उतरते, होडीतून पलीकडे जाते, पण मासेमारीला होडीत बसत नाही. बसू नये असं कुणी सांगितलेलं नाही. बसत नाही, एवढंच. मला त्याची लाज वाटायला हवी होती. पण होडीत कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

इंजिन यजमानांकडे आणि दोरी माझ्याकडे, अशी वाटणी झाली. रीळ आमच्याकडे नव्हतं. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, लांब दोरी लाकडाला गुंडाळलेली, टोकाला तो नकली मासा, ती हाताने सोडायची आणि हातानेच ओढायची. बोटं कापू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे बोटांना बांधायचे. भरती लागली की खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी आत येतं. दोन पाण्यांमध्ये एक रेघ दिसते, एका बाजूला निळं, एका बाजूला मातकट. पेडव्यांसारख्या बारक्या माशांचे थवे त्या रेघेला धरून येतात आणि रावस त्यांच्या मागे. त्या रेघेवरून जायचं, वळायचं, परत यायचं. वाळूच्या दांड्यावर लाट फुटते तिथपर्यंत जायचं नाही. इंजिनाचा आवाज इतका कमी ठेवायचा की बोललं तर ऐकू यावं. आम्ही बोलत नव्हतो.

रावस लागला की दोरीला आधी नुसता जडपणा येतो. मग एकदम हिसका. पहिला लागला तेव्हा दोरी बघून त्यांनाच कळलं. इंजिन थांबलं. मी ओढायला लागले आणि दोरी हलकी झाली. ओढून घेतलं तर गरीला काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढेही तेच. लागायचा, आणि सुटायचा. यजमान म्हणायचे, "हात सैल सोडतंस." मी घट्ट धरायचे. ट्यूब फाटली आणि दोरी बोटात रुतली. संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना मीठ झोंबायचं.

पेट्रोल मात्र रोज लागत होतं. शिमगा जवळ आला होता. नणंद एकदा रिकामी टोपली बघून म्हणाली की तुम्ही दोघं हवा खायला जाता की काय. ती हसली, आम्हीही हसलो. मग तिने सहज सांगितलं की मुलीच्या सासरचे पाटल्यांबद्दल काही विचारत नाहीत, माणसं बरी आहेत. ती गेल्यावर यजमान पडवीत जाऊन इंजिन पुसत बसले. ते पुसलेलंच होतं.

बोटं बरी नव्हती म्हणून एका सकाळी मी दोरी हातात न धरता होडीच्या खुंटीला दोन वेढे मारून ठेवली. त्या दिवशीही लागला. खुंटी करकरली, इंजिन थांबलं, दोरी ढिली पडली, मासा गेला. यजमान म्हणाले, हात सैल. मी खुंटीकडे बघितलं. खुंटी काही हात सैल सोडत नाही.

मग मी त्यांच्या हाताकडे लक्ष ठेवायला लागले. इंजिनाच्या मुठीशी बंद करायचं लाल बटण असतं. दोरीला हिसका बसला की त्यांचा अंगठा त्या बटणावर जायचा. त्यांना ते माहीतही नसायचं. जाळ्यावर असताना काही ओढ लागली की आधी इंजिन बंद करायचं, नाहीतर जाळं पंख्यात जातं, जाळंही जातं आणि पंखाही. लहानपणी त्यांनी त्याच्यासाठी वडिलांचा मार खाल्लेला. त्या पर्यटकाच्या वेळीही त्यांनी इंजिन थांबवलंच असणार. पण तो रीळ गरगर फिरवून दोरी ताठ ठेवत होता. माझे हात रिळाइतक्या वेगाने ओढू शकत नाहीत. होडी थांबली की दोरी सैल होते आणि रावस डोकं झटकून गरी टाकून देतो.

हे मला कळलं, पण सांगायचं कसं ते कळेना. होडीतलं त्यांना मी काय सांगणार? दोन दिवस मी ते वाक्य मनात म्हणून बघत होते. सांगायचं तर चहा पिताना सांगावं, मासा लागलेला असताना नाही, असं ठरवलं. चहाच्या वेळी काही बोलले नाही.

सांगितलं ते भलत्याच वेळी. दोरी जड झाली, हिसका बसला, आणि मी त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "इंजिन बंद करू नकात."

माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. तोवर अंगठा दाबला गेला होता. मासा सुटला. यजमान आपल्या अंगठ्याकडे बघत होते. मग त्यांनी परत इंजिन चालू केलं आणि आम्ही वळलो.

पुढच्या वेळी त्यांनी अंगठा मुठीच्या खाली दुमडून धरला होता. मला दिसत होतं. तरी हिसका बसल्यावर तो सुटून वर गेलाच. त्यांनी स्वतःच्या हाताला एक शिवी दिली. मग उठून होडीच्या मध्ये आले. "तू जा थय," म्हणाले. "माझो हात माझा आयकना नाय."

मी इंजिनापाशी जाऊन बसले. मूठ गरम होती आणि थरथरत होती. नणंदेच्या पाटल्या त्या मुठीत आहेत असं वाटत होतं, म्हणून मी ती फार जोरात धरली नाही. कुठे वळायचं ते यजमान मानेने दाखवत. त्या दिवशी काही लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर लागला. माझ्या अंगठ्याला कसलीच सवय नव्हती, तो जागेवरच राहिला. होडी जात राहिली, दोरी ताठ. समोर वाळूच्या दांड्यावर लाट फुटत होती आणि आम्ही तिच्याकडेच चाललो होतो. थांबायचं नव्हतं, म्हणून मी मूठ ढकलून मोठं वळण घेतलं. यजमान दोरी हातावर हात घेत होते आणि "चालू ठेव, चालू ठेव," एवढंच म्हणत होते. मासा बाजूला आला तेव्हा त्यांनी आकडा लावून आत घेतला. चंदेरी, हनुवटीखाली मिशांसारखे धागे. फळीवर आपटत राहिला. मी इंजिन अजून बंद केलेलं नव्हतं. यजमानांनी सांगितल्यावर केलं.

धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या एकाने मला इंजिनावर बसून येताना बघितलं. त्याने यजमानांकडे बोट करून मला विचारलं, "काय गो, आता घराकडे भाकरी घोव भाजता काय?"

मी खाली बघितलं. यजमान म्हणाले, "भाजतंय. तुका व्हयी काय?" आणि रावस शेपटीला धरून वर केला. तो माणूस परत जाळीकडे वळला. त्यानंतर विचारणारे होते, पण मासे बघून, जपून विचारायचे.

तो पहिला रावस नणंदेने एका हॉटेलवाल्याला विकला. पैसे आम्हाला दिले नाहीत. पेट्रोलपुरते हातावर ठेवले आणि बाकीचे पाटल्या सोडवायला म्हणून कनवटीला लावले. पुढे तिने तसंच चालू ठेवलं. हिशेब तिला तोंडपाठ असे, मी कधी विचारला नाही. यजमान मात्र तिच्यासमोर बसायला लागले.

रोज लागत नसे. शिमग्याच्या दिवसांत होडी ओढून ठेवली होती. नंतर एका वळणाला माझं थोडं चुकलं आणि तो प्लास्टिकचा मासा खडकात अडकून तुटला. यजमानांनी तुटलेली दोरी ओढून लाकडाला गुंडाळली. घरी आल्यावर मी माझ्या लग्नातल्या स्टीलच्या चमच्यांमधला एक त्यांना दिला. त्यांनी दांडा कापला, दोन्हीकडे भोकं पाडली, गरी बांधली. चमचा पाण्यात तसाच वळवळतो. रावसाला फरक कळत नाही, किंवा कळून चालतो. चैत्रात पाणी तापलं आणि मासे कमी झाले, तेव्हा आणखी एक चमचा गेला. आता त्या सहा चमच्यांतले चार उरले आहेत.

वैशाख लागला तरी थोडे पैसे कमी होते. नणंद म्हणाली की राहू दे, लग्नात मुलगी बेन्टेक्सच्या खोट्या घालील, फोटोत सारखंच दिसतं. यजमान उठले. दुसऱ्या दिवशी आम्ही अंधारात निघालो. भरती उशिरा होती, ऊन वर आल्यावर पाण्याची रेघ दिसायला लागली. तिच्यावरून किती वेळा गेलो ते मोजलं नाही. पेट्रोल संपत आल्यावर यजमानांनी मान घराच्या दिशेने हलवली. मी वळवली, पण रेघेवरूनच. तिथे लागला. तो आत घेऊन चमचा परत सोडला तर लगेच दुसरा. टाकीत राहिलेल्या पेट्रोलवर आम्ही धक्क्यापर्यंत पोचलो नाही, शेवटी काठीने रेटत आलो.

बँकेत नणंद मला सोबत घेऊन गेली. मी का, ते तिने सांगितलं नाही. बाजारात तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जातो, पण बँकेत ती हळू आणि पुस्तकातलं बोलली. साहेबांनी विचारलं, रक्कम पूर्ण भरताय का. ती म्हणाली, "हो साहेब, पूर्ण." नोटांना मासळीचा वास होता. मोजणाऱ्या मुलीने मोजून झाल्यावर बोटं रुमालाला पुसली.

पाटल्या लाल कापडी पिशवीत होत्या. बाहेर पायरीवर नणंदेने एक स्वतःच्या हातात घालून बघितली. बर्फात हात घालून घालून तिची बोटं जाड झाली आहेत, पाटली सांध्यापाशी अडली. मग माझ्या हातात घातली. माझ्या बोटांवर दोरीचे वण होते, पण पाटली सहज गेली. तिने थोडा वेळ बघितलं आणि काढून पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर यजमान पडवीत होते. नणंद उभ्यानेच म्हणाली, "आता तुमचा माका काय देणा ऱ्हवला नाय." यजमानांनी मान हलवली आणि मला चहा ठेवायला सांगितला. पैसे पूर्ण फिटले होते, पण तिने कुणाला न विचारता पाटल्या ठेवल्या होत्या, ते फिटणारं नव्हतं. मी चहा ठेवला.