खाऱ्या रानातली साळ

फसली तेराशे वीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे दहाच्या सुमारास, कडूबाईचा नवरा पटकीनं गेला आणि तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा दीर धुळाजी यानं पंच बसवून वाटणी उरकली. तळ्याखालचं साळीचं काळंभोर रान त्यानं स्वतःकडं ठेवलं. तिला दिला त्याच्या खालचा खारपट्टा, जिथं उन्हाळ्यात जमीन पांढरी पडते आणि गाढवंसुद्धा लोळत नाहीत. "एकट्या माणसाला एवढं लई झालं," तो म्हणाला. पंच सुपारी कातरत राहिले.

मी तेव्हा शेजारच्या घरात नुकती नांदायला आले होते. "ह्याला एक दिस माझ्या दारात बसवते," कडूबाई माझ्या सासूला म्हणाली, आणि त्या एका वाक्यावर अकरा वर्षं जगली.

पहिल्या वर्षी तिची साळ जागेवरच मेली. ती रोज माती उकरून बी पाहायची. खाऱ्या मातीत बियाला पाणीच ओढता येत नाही. भोवती ओल असून ते तहानलेलं राहतं आणि शेवटी कुजतं. पुढच्या वर्षी तिनं पेरण्याआधीच परीक्षा घेतली. शंभर दाणे गावच्या आडाच्या गोड्या पाण्यात भिजवले, शंभर खारपट्ट्यातल्या मचूळ पाण्यात, आणि तरटात बांधून ठेवले. गोड्यातल्या नव्वदांना तिसऱ्या दिवशी मोड आले. खाऱ्यातले सातच फुटले, तेही आठव्या दिवशी. मग तिनं पायलीभर साळ मचूळ पाण्यात घातली आणि फुटले तेवढेच दाणे लावले. त्यातून जे जगलं, ते पुढच्या साली पुन्हा त्याच पाण्यात.

"वैनी, बियाचं लोणचं घालताय का?" धुळाजी बांधावरून हसायचा. ती मान वर करत नसे. पोटासाठी लोकांच्या रानात खुरपायला जायची.

दहाव्या वर्षी शंभरातले साठ फुटू लागले. इकडं धुळाजी तळ्याचं पाणी फुकटचं म्हणून बारमाही सोडून ठेवायचा. जादा पाणी निघून जायला चर कधी काढला नाही. पाण्यानं तळचा खार वर आणला. अकराव्या साली त्यानं दोनदा पेरलं, दोनदा कुजलं.

पुढच्या मृगाआधी तो पंचातल्या आश्रुबाला घेऊन तिच्या दारात आला. "वैनी, दोन पायल्या बी द्या. रान पडीक ऱ्हायलं तर पटवारी दुसऱ्याच्या नावावर लावील."

"बसा. जेवून जा," ती म्हणाली.

आपल्या पेरणीपुरतं ठेवून गरजवंतांना तिनं बी आधीच वाटलं होतं. उरलेल्या दोन पायल्या तिनं त्याच्या डोळ्यांदेखत उखळात ओतल्या आणि कांडायला लागली. धुळाजी ताडकन उठला. आश्रुबानं त्याचा हात धरून खाली बसवलं. कशाच्या तोंडानं बोलणार होता आश्रुबा? वाटणीला सुपारी त्यानंच कातरली होती.

त्याच तांदळाचा भात रांधून तिनं वाढला. धुळाजीनं घास घेतला. अळणी होता. "मीठ?" तो पुटपुटला.

तिनं पदराची गाठ सोडून पांढरी चिमूट पानावर ठेवली. "तुमच्याच रानातला खार हाय, भावजी. म्या अकरा वर्सं असलंच खाल्लं. एकट्या माणसाला एवढं लई झालं."

तो भात त्यानं अळणीच गिळला. तिनं आम्हाला दिलेलं बी तेव्हा आमच्या घरात, तरटात, मोड धरत होतं. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.