कानसेन आणि डॉक्टरीणबाईंचा टर्बो

गल्लीच्या टोकाला, जिथून तेलाच्या आणि तापल्या रबराच्या वासाची हद्द सुरू होते, तिथे कानसेनचं गॅरेज होतं. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवायचं. गाड्या दुरुस्त करणं हे काम त्याच्या मते सोम्यागोम्याचं. तो गाड्यांना टर्बो निवडून द्यायचा. लांबलांबून लोक यायचे, आणि आले की कानसेन आधी अर्धा तास त्यांना ताटकळत ठेवायचा. आत काही काम नसलं तरी.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात हवा कोंबतो आणि गाडी पिसाळते. छोटा टर्बो लवकर जागा होतो, पण जरा पळवला की त्याला धाप लागते. मोठा उशिरा उठतो, पण उठला की घर डोक्यावर घेतो. "म्हणजे एक आमचे हे आणि एक आमचे धाकटे भावजी," असं कानसेनची बायको म्हणायची. कोण कुठला, ते तिने कधी सांगितलं नाही.

निवडायची त्याची पद्धत जगावेगळी होती. किती अश्वशक्ती हवी, हे तो विचारायचाच नाही. मालकाच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "रोज जाता तसे चला." घरापासून कामापर्यंत. इंजिनाचा श्वास कुठे अडतो, जुन्या टर्बोची शिट्टी कुठे बारीक होते, ते ऐकायचा. उतरल्यावर टर्बोचं माप सांगायचा आणि त्या मापावर वाद नसे. पुढे नवा टर्बो बसला की इंजिनाला एक तांब्याची नळी जोडायची, तिचं रबरी टोक कानात घालायचं. धाकटा भाऊ लॅपटॉपवर टर्बोच्या हवेचा दाब वाढवत जायचा. इंजिनात पेट्रोल अवेळी भडकलं की तव्यावर वाळूचे कण पडावेत अशी बारीक टकटक येते. ती आली की कानसेन हात वर करायचा. तिथे थांबायचं. एक टकटक जरी सुटली तरी पिस्टनचा निकाल.

आणि गेली दोन वर्षं कानसेनला ती टकटक ऐकू येत नव्हती.

घरघर यायची, गडगडाट यायचा. बारीक आवाज मात्र एकेक करून उठून गेले होते, न सांगता-सवरता. घरात कुणाला कळलं कसं नाही? अहो, कळणार कसं! बायकोने कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगितल्या आणि नऊ झाल्या, तेव्हा तिने बटाट्यांचा लगदा त्याच्यासमोर आपटला. "वीस वर्षं माझं ऐकलं नाहीत, आता कुकरचं काय ऐकणार!" नवऱ्याच्या जातीला हे एक बरं असतं, बहिरेपणाचा संशयच येत नाही.

अशात डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, चाळिशीच्या, छोटीशी निळी गाडी आणि तोंड असं की भूल न देता दात पडावा.

"सगळ्यात मोठा टर्बो बसवायचा," त्या म्हणाल्या. "माझ्या मावसभावाने बसवलाय. कौटुंबिक समारंभात मला त्याचं ऐकून घ्यावं लागतं."

"बाई, आधी फिरून येऊ," कानसेन म्हणाला.

घर ते दवाखाना. अकरा सिग्नल, एक पूल, एक चढ. असल्या रस्त्याला मोठा टर्बो म्हणजे पंगत उठल्यावर येणारा पाहुणा. जागा होईपर्यंत पुढचा सिग्नल आलेला. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण छोटा घ्यायचा की मधला, ते त्या शिट्टीवरून ठरत होतं, आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेल्या कानसेनला वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पूल आला तसा तो मनाशी मापं घोळवू लागला. मधला म्हणावं, तर धाकटा विचारणार, का? छोटा म्हणावं, तर बाई विचारणार, का? मोठा म्हटलं, तर कुणीच काही विचारणार नव्हतं.

गॅरेजमध्ये उतरून तो म्हणाला, "बाई म्हणतात तेच बरोबर. मोठाच बसवू."

धाकट्याच्या हातातला पाना खाली पडला. गिऱ्हाइकाचं बरोबर असतं, हे वाक्य त्या छपराखाली पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

चार दिवसांनी टर्बो बसला. कानसेनने नळी कानात घातली, डोळे मिटले. धाकटा दाब वाढवू लागला. मोठा टर्बो आळोखेपिळोखे देत उठला आणि मग एकदम धावून आला.

"दादा, इथे लाल दाखवतंय," धाकटा ओरडला.

"त्या डब्याला काय कळतंय? मी ऐकतोय ना! अजून दे."

धाकट्याने दिला. लाल रेघ दिसत असतानाही त्याने भावाच्या कानावर विश्वास ठेवला, कारण आजवर प्रत्येक वेळी कानच खरा निघाला होता.

आठव्या दिवशी पुलावर निळ्या गाडीने निळाच धूर सोडला आणि ती बसली. बाईंना खरचटलंही नाही. इंजिन उघडलं तर पिस्टनच्या मधोमध भोक. बाई ते हातात घेऊन आरपार बघत म्हणाल्या, "मीही भोकं पाडते हो. पण आधी विचारून आणि भूल देऊन."

कानसेनने तोंड उघडलं. त्याच्या आधी धाकटा बोलला. "चूक माझी आहे, बाई. स्क्रीनवर लाल आलं होतं. मी दादाला सांगितलंच नाही."

हे मात्र कानसेनला लख्ख ऐकू आलं. शब्दन् शब्द. तोंड उघडलं होतं तसंच त्याने ते मिटलं. बाईंनी धाकट्याला पंधरा मिनिटं सोलून काढलं, आणि कानसेन शेजारी उभा राहून फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

नवा पिस्टन आला. या वेळी धाकट्याने विचारलंही नाही, मधला टर्बो आणून बसवला. नळी लावली. कानसेनने डोळे मिटले. इंजिन घरघरू लागलं.

"दादा, कसं वाटतंय?" धाकट्याने ओरडून विचारलं.

"झकास. अजून दे."

"आता?"

"एकदम साफ. अजून दे."

मग काहीच झालं नाही. दाब वाढल्याचा गडगडाट नाही, काही नाही. कानसेनने डोळे उघडले. धाकटा लॅपटॉपपाशी नव्हताच. तो समोर उभा होता, आणि तांब्याच्या नळीचं दुसरं टोक इंजिनापासून हातभर लांब, त्याच्या मुठीत होतं.

धाकट्याने वाकून इंजिन बंद केलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

धाकटा ओरडेल, शिव्या देईल, असं कानसेनला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकट्याने कामाची वही काढली आणि पानं उलटत मोजत गेला. तेवीस गाड्या.

"यातल्या किती तू नुसतं ऐकल्यासारखं करून सोडल्यास?"

"सगळ्या."

"आणि लाल आलं की मी गप्प बसलो, असं किती वेळा झालं ते मलाही आठवत नाही," धाकटा म्हणाला आणि खाली बसला. तेवीस गाड्या रस्त्यावर होत्या. कुणी त्यातून आईला दवाखान्यात नेत असेल, कुणी पोरांना. कुठलं इंजिन बरं आणि कुठलं आतून झिजतंय, हे सांगणारा एकच कान होता, आणि तो गेला होता.

"फोन करून सगळ्यांना थांबवायला हवं," धाकटा म्हणाला.

"मी करतो. माझं आहे ते."

पहिला नंबर एका शाळामास्तरांचा. कानसेनने फोन कानाला लावला. दोन वर्षं त्याने फोन उचललाच नव्हता, काही ना काही काम काढून तो धाकट्याला पुढे करायचा. पलीकडून कुणीतरी बोललं. भांड्यात भुंगा कोंडावा तसं काहीतरी.

"हॅलो," तो म्हणाला. पुन्हा भुंगा. "मास्तर? मास्तर, गाडी चालवू नका." भुंगा हसला की रागावला, कळेना. "हॅलो?"

तिसऱ्या हॅलोला धाकट्याने त्याच्या हातातून फोन घेतला. कानसेन स्टुलावर बसून त्याच्या ओठांकडे बघू लागला, निदान काय सांगतोय ते तरी कळावं म्हणून. पहिली दोन वाक्यं कळली. मग बोलता बोलता धाकटा भिंतीकडे वळला.