माळावरच्या विहिरीतला सुरुंग

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी माझ्या मुलीला फसवलं. तिचा प्रयोग त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाच्या नावावर लावला.

गावात डिशच्या छत्र्या नुकत्याच यायला लागल्या होत्या. विहिरींत सुरुंग लावायची कामं मी फुटाच्या भावानं घ्यायचो, आणि भाव पाडणारा माझ्यापुढं टिकत नसे. मुलगी नववीत होती. एकदा तिनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. आकाशात फार लांब गॅमा किरणांचा स्फोट झाला आणि काही सेकंदांत विझला. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून ते उपग्रहांनीच टिपले. एकमेकांपासून लांब असलेल्या तीन उपग्रहांना ते मागंपुढं दिसले, त्या फरकावरून स्फोटाची दिशा काढली.

"स्फोट कवा झाला ते ठावं नसताना?"

"कवा ते लागतच न्हाई, आण्णा. कुणाला किती उशिरा कळलं, तेवढंच पाहिजे."

मला पटेना. मग तिनं माझ्याच सुरुंगावर करून दाखवायचं ठरवलं. शिवारात तीन ठिकाणी तीन मैत्रिणी उभ्या केल्या, सेकंदकाटा जुळवलेली घड्याळं देऊन. स्फोटाचा आवाज कानावर आला की वेळ टिपायची. मी तिला ओढ्याकाठची विहीर सांगितली आणि वात पेटवली माळावरच्या विहिरीत. मुद्दामच. संध्याकाळी तिनं शिवाराचा नकाशा पुढं पसरला. वेळांच्या फरकावरून ओढलेल्या पेन्सिलीच्या दोन वाकड्या रेघा माळावर एकमेकींना छेदत होत्या.

"आण्णा, तुमी मला फसवाया गेलते."

हरून बरं वाटलं, असं एवढ्या एकाच वेळी झालं.

बीडच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं तो नकाशा सरांकडं दिला. तिथं टेबलावर तोच नकाशा होता. खाली नाव नातवाचं.

"सर, हे काय हाय?"

"नाव शाळेचंच होतंय ना? तिचं पुढच्या वर्षी बघू."

"दुसऱ्यानं खांदलेली विहीर आपली म्हणून दाखवता व्हय?"

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी त्या पोराला नेमका माझाच प्रश्न विचारला. स्फोटाची वेळ माहीत नाही, तर जागा कशी कळली? पोरगा सरांकडं बघत राहिला. माझी मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिचे ओठ हलले.

"साहेब, हिला विचारा," मी म्हणालो.

"पालकांनी बाहेर थांबायचं," सर म्हणाले, आणि परीक्षकांकडं वळले. "पोरगं बुजलंय, साहेब. कधी ते लागतच नाही. कुणाला किती उशिरा कळलं, तेवढंच पाहिजे."

मी त्यांची गचांडी धरली. शिपायांनी मला बाहेर काढलं, आणि मुलगी मान खाली घालून माझ्यामागं आली. नकाशा तिथंच राहिला. बक्षीस नातवाला मिळालं.

दहावीला तिला विज्ञानात चांगले मार्क पडले. ती म्हणाली, "मला आर्ट्सला घाला."

गचांडी धरली ती माझी चूक, ती मी कुठंही कबूल करतो. सर आता पेन्शन घेतात, रोज सकाळी माझ्या दारावरून फिरायला जातात आणि मला नमस्कार करतात. तो नमस्कार मला नको. मुलगी दिवाळीला माहेरी येते. त्यांनी तिच्यासमोर बसावं आणि त्या रेघा कुणी ओढल्या होत्या ते स्वतःच्या तोंडानं सांगावं.